हसनाबाद परिसरातील दुष्काळ व पाणी : एक ऐतिहासिक अवलोकन

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. राजेरजवाड्यांच्या वंशावळी आणि लढायांच्या हकीकती लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही पडलो खेड्यातील निवृत्त शाळामास्तर. तेव्हा ज्या वस्तूवाचून आपल्या माळी समाजाचा एक दिवसही जात नाही, त्या पाण्याचाच इतिहास मांडावा असे आम्ही ठरविले. फुलमळा असो, मिरचीचे वाफे असोत की परड्यातील भाजीपाला असो. त्याचे मूळ विहिरीत असते. विहीर भरली की माळ्याचे घर भरते. विहीर आटली की स्वयंपाकघरातील हंड्यापासून मुलीच्या लग्नापर्यंत सर्व काही अडून बसते. हा अनुभव ज्यांच्या घरी आला नाही, असे कुटुंब आपल्या ज्ञातीत विरळाच.

या लेखात पुढे आमच्या स्वतःच्या घराविषयीही एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगणे सुखाचे नाही. परंतु इतरांचा इतिहास लिहावयाचा आणि स्वतःचा झाकून ठेवावयाचा, हे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

भूमी आणि पाऊस

हसनाबाद हे गाव जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात, गिरजा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. गिरजा पुढे पूर्णेस मिळते आणि पूर्णा गोदावरीस. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. तत्पूर्वी आमचा हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता, आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. पश्चिमेस दूरवर सह्याद्री उभा आहे आणि आमच्या भाग्याचा निकाल बऱ्याच अंशी तेथेच लागतो. नैऋत्येकडून येणारे मेघ सह्याद्रीच्या माथ्यावर आपला बहुतेक भार उतरवितात व मग हलके होऊन आमच्याकडे येतात. महाबळेश्वरी वर्षास सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडावा आणि आमच्या भागात सरासरीने सहाशे ते सातशे मिलिमीटर पडावा, असा हा प्रकार आहे.

हा पाऊसही नेमाने पडत नाही. मृगाने पेरणी करावी, तरण्या पावसाने पीक वर काढावे, म्हाताऱ्याने ते धरून ठेवावे आणि हस्ताच्या पावसावर शाळू पेरावा, असे आमच्या वाडवडिलांचे गणित होते. एखादे नक्षत्र कोरडे गेले तर शेतकरी सहन करी. लागोपाठ तीन कोरडी गेली की तो बैलांच्या दावणीकडे पाहू लागे.

पावसाइतकाच महत्त्वाचा विषय भूगर्भाचा आहे. आमच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली अखंड कातळ, अशी ही रचना होय. गंगेच्या सपाट प्रदेशात गाळाचे खोलच खोल थर असून ते पाणी शोषून घेतात; आमच्या कातळात तशी सोय नाही. पाणी साठते ते मुरमात व दगडाच्या भेगांत. तेव्हा साठा थोडा, तो दरसाल पावसाने भरावयाचा आणि दरसाल काटकसरीने वापरावयाचा. पूर्वजांस भूगर्भशास्त्र ठाऊक नव्हते. परंतु ही गोष्ट त्यांस पक्की ठाऊक होती, असे त्यांच्या विहिरी पाहिल्यावर म्हणावे लागते.

जुन्या काळातील पाण्याच्या सोयी

आमचे तालुक्याचे गाव भोकरदन हे प्राचीन काळचे भोगवर्धन होय. सांची व भारहुत येथील स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे लेख कोरलेले आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे आढळतात. १९७३ च्या सुमारास नागपूर व मराठवाडा या विद्यापीठांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन संपन्न नगराचे अवशेष हाती लागले. दोन हजार वर्षांपूर्वी ज्या केळना नदीच्या काठी व्यापारी नगर नांदत होते, तेथे पाण्याची सोय होती हे उघडच आहे.

पुढे यादवांच्या काळापासून ठिकठिकाणी दगडी बारवा बांधण्यात आल्या. बारवेस पायऱ्या असतात. पाणी जसजसे खाली जाईल तसतसा माणूस खाली उतरतो व वर्षाचा साठा किती उरला हे त्यास डोळ्यांनी दिसते. अंबड येथील पुष्करणी बारव पाहिली म्हणजे या शिल्पाची थोरवी कळते. ती पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांच्या नावाशी निगडित आहे. बारव हे कोण्या एकाचे धन नसे. पुण्यकर्म म्हणून ती बांधीत आणि वाटसरूही तेथे तहान भागवी. मात्र सर्वच वाटसरू तेथे उतरू शकत नव्हते, हेही येथेच सांगून ठेवितो. त्याविषयी पुढे येईल.

मलिक अंबर याने खडकी येथे, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जी नहर बांधली ती तर केवळ अद्भुत होय. डोंगराच्या पायथ्याचे भूजल जमिनीखालील बोगद्यातून, निव्वळ उताराच्या बळावर शहरात खेळविले गेले. त्यास ना मोट लागली, ना इंजिन. ही नहर-ए-अंबरी पुढे कित्येक पिढ्या शहरास पाणी पाजीत राहिली. मलिक अंबर १६२६ साली निवर्तला आणि चारच वर्षांत त्याच्या मुलखावर असे संकट आले की, ज्याची भीती पुढे पिढ्यान् पिढ्या राहिली.

१६३० चा दुष्काळ

शहाजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने या दुष्काळाची हकीकत लिहून ठेविली आहे. बालाघाटात पाऊस पडला नाही व दौलताबादच्या आसपास अवर्षण विशेष तीव्र होते, असे तो सांगतो. दौलताबाद म्हणजे आमच्या शेजारचाच किल्ला. पुढच्या वर्षी दख्खन व गुजरात या दोन्ही प्रांतांत पावसाने पाठ फिरविली. माणसे देशोधडीस लागली, गावे ओस पडली. देहूस तुकोबारायांच्या घरावरही याच दुष्काळाने घाला घातला व त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. शिवाजी महाराजांचा जन्म याच १६३० सालचा, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांनी पुढे रयतेच्या बी-बियाण्याची व बैलांची एवढी काळजी का वाहिली, याचा थोडा उलगडा होतो.

त्या वेळी शहाजहान अजिंठ्याच्या घाटापलीकडे बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याने तेथे अन्नछत्रे उघडली, दर सोमवारी पाच हजार रुपये असे वीस आठवड्यांत एक लक्ष रुपये वाटविले व सुमारे सत्तर लक्षांचा सारा माफ केला, अशी नोंद आहे. हे औदार्य खरे मानले तरी, पादशहा बुऱ्हाणपुरास आला होता तो निजामशाहीवर स्वारी करण्यासाठी, हे विसरता येत नाही. ज्या मुलखात माणसास दाणा नव्हता, त्याच मुलखातून लष्कराचे घोडे व बैल दाणावैरण खात फिरत होते. पाऊस न पडणे हे दैवाधीन. परंतु घरात होता तो दाणाही लष्कराने नेला, यास दैव म्हणता येत नाही.

असईची लढाई आणि तिच्या मागून आलेली उपासमार

हीच गोष्ट १८०३ साली आमच्या दाराशी पुन्हा घडली. भोकरदनपासून जवळच, केळना व जुई या नद्यांच्या संगमापाशी असई हे गाव आहे. तेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजा आणि वेलस्लीची इंग्रज फौज यांचे घनघोर युद्ध झाले. शाळेत आम्ही ही लढाई मुलांस शिकवीत असू; तोफा किती, पलटणी किती, कोणी कोठून नदी ओलांडली, हे सर्व सांगत असू. त्या वेळी आसपासच्या शेतांत उभ्या असलेल्या ज्वारी-बाजरीचे काय झाले, हे आम्ही कधी सांगितले नाही व पुस्तकातही ते नव्हते. त्या साली व त्याच्या पुढील साली दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. पाऊस अपुरा होताच; परंतु त्याआधी व नंतर फिरणाऱ्या सैन्यांनी व पेंढाऱ्यांनी मुलूख धुऊन नेला होता.

जोतीरावांनी दुष्काळाकडे कसे पाहिले

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळ सर्व जगावरच आला होता. उत्तर चीन व ब्राझीलचा ईशान्य भाग येथेही त्याच सुमारास पाऊस पडला नाही. पॅसिफिक महासागराचे पाणी काही वर्षी नेहमीपेक्षा अधिक तापते व त्यायोगे आपला मोसमी पाऊस पुष्कळदा दुबळा होतो, ही गोष्ट पुढे शास्त्रज्ञांनी शोधून काढिली. पेरू देशाच्या कोळ्यांनी त्या तापलेल्या प्रवाहास दिलेले एल निनो हे नाव आता आपल्या वर्तमानपत्रांतही दरसाल येते. हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या देशांतील हवेच्या दाबाचे आकडे जुळवून या संबंधाचा पाया घातला. १८७७ हे अशाच एल निनोचे वर्ष होते.

त्या दुष्काळात इंग्रजी मुलखात पन्नास लक्षांहून अधिक माणसे दगावली. निजामाच्या मुलखासही त्याची झळ लागली. रेल्वे होती, बाजारात धान्यही होते. पण विकत घेण्यास पैसा नव्हता, आणि सरकार व्यापारात हात घालावयास तयार नव्हते. महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी सत्यशोधक समाजाच्या वतीने पुण्याजवळ धनकवडी येथे उपाशी मुलांच्या जेवणाची सोय केली, हे आपल्या समाजात सर्वश्रुत आहे.

परंतु जोतीराव अन्नदानावरच थांबले नाहीत. ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात त्यांनी पाण्याचा विचार एखाद्या जाणत्या बागायतदाराप्रमाणे केला आहे. पावसाचे पाणी शेतातच मुरावे म्हणून तालींसारखे बंधारे घालावेत, जुन्या तळ्यांतील गाळ काढावा, पाणाड्यांकडून झऱ्यांच्या जागा हुडकून घेऊन त्यांस बक्षिसे द्यावीत, अशा सूचना त्यांनी सरकारास केल्या. आज पाणलोट विकास या भारदस्त नावाने जे ओळखले जाते, त्याचे बीज येथे आहे. माळ्याच्या घरी जन्मलेल्या माणसास पाणी वाहून जाताना पाहवत नाही. जोतीरावांनी ती दृष्टी सर्व देशाच्या कारणी लाविली.

आणखी एक गोष्ट. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला. त्यासाठी त्यांस स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. या हौदाचा संबंध आमच्या घराशी कसा येतो, ते पुढे सांगू.

१८९९-१९०० आणि नंतर

एकोणिसावे शतक सरता सरता १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ आले. त्यांतील दुसऱ्याने आमचा भाग अक्षरशः उजाड केला. १८९१ च्या शिरगणतीत औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ८ लक्ष २९ हजार होती. १९०१ साली ती सुमारे ७ लक्ष २१ हजार भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी लाखाहून अधिक माणसे कमी झाली. काही मेली, काही परागंदा झाली. आपल्यापैकी ज्या कुटुंबांच्या वंशावळी पणजोबांच्या पलीकडे जात नाहीत, त्यांनी या आकड्याकडे एकवार पाहावे. तेथेच धागा तुटला असण्याचा संभव आहे.

याच सुमारास हैदराबाद-मनमाड लोहमार्ग सुरू झाला व जालना त्यावर आले. तेथपासून परप्रांताचे धान्य जालन्याच्या बाजारात उतरू लागले. पण हसनाबादसारख्या गावास पाणी काही रेल्वेने येत नव्हते. ते गावच्या आडातून आणि नदीच्या वाळूत खोदलेल्या झऱ्यांतूनच मिळवावे लागे. जालना शहरासाठी निजामी अमलात घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. खेड्यांकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

१९७२ : आम्ही पाहिलेला दुष्काळ

येथून पुढे आम्ही ऐकीव वा वाचीव सांगत नाही. १९७१ चा पाऊस अपुरा झाला आणि १९७२ चा तर गेलाच. आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. गावचे आड तळाला गेले. बायका अर्ध्या रात्री उठून नदीच्या वाळूत झरे उकरीत व वाटीवाटीने घागर भरीत. जनावरे कवडीमोलाने बाजारात गेली. आमच्या घरचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. आठवड्यास पगार होई. परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकर थापताना चिरत असे व खाताना घशात अडकत असे. पण ती होती म्हणून आम्ही आहोत. शाळेत मुलांस सुकडी मिळे.

मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे पन्नास लक्ष माणसे अशा कामांवर होती. १९०० साली ज्या आपत्तीत लाखो माणसे गेली, तेवढ्याच तीव्रतेची आपत्ती येऊनही १९७२-७३ मध्ये भूकबळींचा तसा संहार झाला नाही, ही स्वतंत्र देशाच्या लोकशाही राज्याची मोठी कमाई होय. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्याच्या रूपाने संमत झाली व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. काम मागणे हा गरिबाचा हक्क आहे, असे कायद्याने प्रथम म्हटले ते येथे. त्या काळी झालेले पाझर तलाव आजही आमच्या शिवारात आहेत. काही गाळाने भरले आहेत, ही गोष्ट निराळी.

आता आमच्या घराची गोष्ट. मळ्यात आमची एक विहीर होती. तिच्यावर दोन मोटा चालत. थारोळ्यात पाणी पडले की पाटाने ते मिरचीच्या वाफ्यांत जाई. त्या उन्हाळ्यात आसपासच्या सर्व विहिरी आटल्या तरी आमच्या विहिरीत कमरेइतके पाणी राहिले. दलित वस्तीतील बायका पाण्यास येऊ लागल्या. त्यांनी विहिरीपासून दूर बसावयाचे आणि आमच्या आजीने पोहऱ्याने शेंदून वरून त्यांच्या घागरीत ओतावयाचे, अशी रीत होती. दोर त्यांच्या हाती दिला जात नसे. वैशाखात पाणी गुडघ्यावर आले, तेव्हा घरच्या कारभाऱ्यांनी ठरविले की उरलेले पाणी बैलांसाठी व वाफ्यांसाठी राखावे आणि बाहेरच्यांस देणे बंद करावे. दुसऱ्या दिवशी बायका आल्या व नेहमीच्या जागी बसल्या. त्यांस कोणी काही बोलले नाही. कोणी पाणीही दिले नाही. इतर उठून गेल्या. एक बाई, तिच्याजवळ आमच्याच वर्गातला तिचा मुलगा होता, दिवस मावळेपर्यंत रिकामी घागर पुढे ठेवून बसून राहिली. आम्ही पाटाच्या कडेला उभे होतो. तो मुलगा आमच्याकडे पाहत होता. वाफ्यांत पाणी चालले होते.

पुढे आम्ही शिक्षक झालो. तीस वर्षांहून अधिक काळ दर ११ एप्रिलला जोतीरावांच्या जयंतीस आम्ही भाषण केले व दरवर्षी १८६८ च्या हौदाची गोष्ट सांगितली. आमच्या विहिरीची गोष्ट एकदाही सांगितली नाही. आज सांगत आहोत. आपल्या समाजाच्या कार्यालयात जोतीरावांची तसबीर असते. तिच्यासमोर उभे राहणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या घरच्या विहिरीचा असा हिशेब एकदा मनाशी मांडावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विहिरीकडून बोअरकडे

१९७२ नंतर पाण्याचा सर्व मामलाच पालटला. कातळ फोडणारी यंत्रे खेडोपाडी फिरू लागली. येथे एक अभिमानाची गोष्ट नमूद करावयास हवी. हातपंपांच्या विकासात आमच्या जालन्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे. जालन्यातील स्कॉटिश मिशनने कूपनलिका खोदण्याचे काम हाती घेतले होते. ओतीव लोखंडाचे परदेशी पंप गावाच्या वापरास टिकत नसत. ते एका कुटुंबासाठी केलेले, आणि येथे एका पंपावर सारे गाव. म्हणून तेथे पोलादी, मजबूत दांड्याचा नवा पंप घडविण्यात आला. तो जालना पंप म्हणून ओळखला जाऊ लागला. सोलापुरास त्यात आणखी सुधारणा झाल्या आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्याच कुळातून ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप निघाला. तो पुढे आशिया-आफ्रिकेच्या अनेक देशांत गेला. हातपंपावर दोर नाही, पोहरा नाही. ज्याने दांडा हलवावा त्याने पाणी घ्यावे. सोवळ्याओवळ्याचा जो वाद भाषणांनी मिटत नव्हता, त्याची धार या लोखंडी दांड्याने पुष्कळ कमी केली, असे आमचे निरीक्षण आहे.

परंतु तेच यंत्र पुढे प्रत्येकाच्या शेतात गेले. मोटेच्या काळी बैल थकत व विहिरीस विसावा मिळे. तेल-इंजिन आले, मग विजेची मोटार आली. ती थकत नाही. एका विहिरीत चार भावांच्या पाळ्या असत. सोमवारी थोरल्याने भिजवावे, मंगळवारी धाकट्याने, असा क्रम ठरलेला असे. त्या पाळीमुळे भांडणे होत, हे खरे. पण पाणी किती उरले हे चौघांस ठाऊक असे. वाटण्या झाल्या तशी आमच्या घरातही प्रत्येकाने आपापली बोअर घेतली. आम्हीही घेतली. पहिलीस दोनशे फुटांवर पाणी लागले. काही वर्षांनी ती आटली म्हणून दुसरी चारशे फुटांवर नेली. तिच्यातून पांढरा फुफाटा तेवढा निघाला. आणि ज्या जुन्या विहिरीने १९७२ सालीही तळ दाखविला नव्हता, ती आता होळीच्या सुमारासच कोरडी पडते. तीस वर्षांत आमच्या चार घरांनी मिळून हे केले. त्यात पावसाचा दोष थोडा.

१९९३ साली महाराष्ट्रात भूजलाविषयी कायदा झाला व सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास मनाई झाली. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. कायदा कागदावर राहिला आणि बोअरच्या गाड्या रात्री येत राहिल्या, हे आपण सर्व जाणतोच.

धरणे, कोरडी वर्षे व पूर

मराठवाड्याची तहान भागावी म्हणून पैठणास गोदावरीवर जायकवाडी धरण झाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांनी त्याची पायाभरणी केली व २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांत पाणी खेळले. भोकरदन तालुका उंचावर असल्याने कालवा आमच्याकडे येऊ शकत नाही. आम्हांस जुई, धामणा यांसारखे मध्यम प्रकल्प व लहान तलाव यांवरच भागवावे लागते, आणि ते पावसावर अवलंबून. तेव्हा आपले पाणी आपल्याच शिवारात मुरविण्यावाचून आम्हांस गत्यंतर नाही.

२०१२-१३ साली जालना जिल्हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या वाढलेल्या बागा शेतकऱ्यांनी स्वहस्ते तोडल्या. आम्ही त्या साली टँकरचे पाणी विकत घेतले. माळ्याने पाणी विकत घ्यावे, हे आमच्या आजोबांच्या स्वप्नातही आले नसते. २०१५ चा पाऊसही गेला व एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. उलटपक्षी सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अशी अतिवृष्टी झाली की उभी पिके व शेतातील मातीही वाहून गेली. १९५० नंतर मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढत आहेत, असे हवामानशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. म्हणजे पाऊस थोड्या दिवसांत भडाभडा पडावयाचा आणि मध्ये दीर्घ उघडीप राहावयाची. अशा काळात तालीबंधाऱ्यांची जोतीरावांची सूचना पूर्वीपेक्षा अधिकच निकडीची झाली आहे.

हे होऊ शकते, याचा दाखला दूर जाऊन शोधावयास नको. जालना तालुक्यातील कडवंची गावी १९९६ पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली मराठवाडा शेती साहाय्य मंडळ व खरपुडीचे कृषि विज्ञान केंद्र यांनी गावकऱ्यांसह काम केले. डोंगरमाथ्यापासून खाली चर, ताली व बंधारे झाले. पुढे शेकडो शेततळी झाली आणि पूर्वी रोजगारास बाहेर जाणारे ते गाव द्राक्षांसाठी प्रसिद्धीस आले. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे तर ग्रामसभा दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडते, पाणी असेल तशी पिके ठरविते व शेतीसाठी बोअर घेण्यास गावानेच बंदी केली आहे. दोन्ही गावांत पाऊस आमच्यासारखाच बेताचा आहे.

उपसंहार

चार शतकांचा हा आढावा घेतल्यावर आमच्या अल्पमतीस जे दिसते ते असे. पाऊस मधून मधून चुकणार, हे या भूमीचे लक्षणच आहे. १६३० साली, १८०३ साली, १८७७ साली माणसे मेली ती केवळ पाऊस चुकला म्हणून नव्हे, तर असलेला दाणा व पाणी ज्यांच्या हाती होते त्यांनी हात आखडला म्हणून. १९७३ साली राज्याने दाण्याचा प्रश्न सोडविला. पाण्याचा प्रश्न मात्र राज्याच्या हाती पूर्णपणे कधीच नव्हता. तो विहिरीच्या मालकाच्या हाती होता व आहे. आणि या भागात विहिरीचे मालक आपणच आहोत.

म्हणून समाजाच्या कार्यकारिणीपुढे तीन विनंत्या ठेवितो. पहिली, आपल्या सभासद कुटुंबांच्या ज्या जुन्या विहिरी व आड पडीक आहेत, त्यांतील गाळ दर उन्हाळ्यात श्रमदानाने काढावा. दुसरी, विहिरींच्या पाण्याची पातळी दरमहा मोजून शाळकरी मुलांकरवी वहीत लिहून ठेवावी. म्हणजे चार भावांस पुन्हा एकवार कळेल की पाणी किती उरले. त्यासाठी दोर, दगड व वही एवढेच साहित्य लागते, आणि ती मोजदाद शिकविण्यास आम्ही विनावेतन तयार आहोत. तिसरी, टंचाईच्या काळात ज्याच्या विहिरीस पाणी असेल त्याने ते पिण्यासाठी सर्वांस, कोणतीही जात न विचारता, खुले ठेवावे. आणि दोर ज्याच्या त्याच्या हाती द्यावा.

आमच्या जुन्या विहिरीचा गाळ मागील उन्हाळ्यात आम्ही काढविला. चौघा भावांच्या घरांनी मिळून खर्च केला व तिच्यावरील मोटार दिवसास दोनच तास चालवावयाची असे ठरविले. वर्गातला तो मुलगा आज आमच्याच वयाचा आहे. गाळ काढण्याच्या दिवशी तो आपल्या नातवास घेऊन पाहावयास आला होता. त्या १९७३ च्या संध्याकाळविषयी आम्ही त्याच्यापाशी बोललो. त्याने सर्व ऐकून घेतले, आणि आईला ते मरेपर्यंत आठवत होते, एवढेच म्हणाला. त्यावर बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. विहिरीस या वर्षी फाल्गुन अखेरपर्यंत पाणी टिकले. पुढील वर्षी वैशाखापर्यंत टिकावे, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून हा लेख येथे पुरा करितो.